कोरड्या गावच्या पायांना कळलेली खाडी

तांदळे सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे खरं तर भांडणच व्हायचं होतं. मला मराठी विषय घ्यायचा होता, जागा भरल्या होत्या आणि ऑफिसात कुणीतरी माझ्या फॉर्मवर परस्पर भूगोल लिहून टाकला होता. तक्रार घेऊन विभागात गेलो, तर सर टेबलावर उभे राहून भिंतीला नकाशा ठोकत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ते खालचं टोक धर जरा. ताणून धर." मी धरलं. नकाशा कोकणपट्टीचा होता.

"समुद्र पाहिलाय?"

"न्हाई सर. मी भूगोल सोडायला आलतो."

"मग चाललास कावून? पाहून जा की!"

मी राहिलो. सर साठ वर्षांचे होताहेत आणि या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी त्यांचे मोठमोठे सहकारी लिहिणार आहेत. ते सरांचे लेख, अभ्यासमंडळं वगैरे सांगतीलच. मी एका वर्षाचंच सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं.

सर नेकनूरकडचे, म्हणजे आमच्या बीडच्याच दुष्काळी भागातले. त्यांचे वडील तिथल्या एका तलावाचे राखणदार होते. सरांचं लहानपण त्या बांधावरच गेलं. अशा माणसानं किनारपट्टीचा भूगोल शिकवायला घ्यावा, याचं सगळ्यांना हसू यायचं. "नळाला आठ दिवसांनी पाणी, आन् आमचे सर भरती-ओहोटी शिकवायलेत," असं स्टाफरूममधलेच लोक म्हणायचे. सर चिडायचे नाहीत. दरवर्षी पोरं घेऊन त्याच एका खाडीकाठच्या गावाला जायचे. मुलींना घरून सोडत नाहीत हे कळल्यावर त्यांनी पत्नीलाही सोबत न्यायला सुरुवात केली. आमच्या वर्गातल्या पाटोद्याच्या एका मुलीच्या वडिलांकडे तर दोघं तीनदा जाऊन बसले. चौथ्यांदा दारात दिसल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "न्या बाबा, पण चहा नका मागू आता."

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा बाहेरून तपासणी समिती आली. एक सदस्य हसत म्हणाले, "सर, तुमच्या कॉलेजपासून समुद्र केवढा लांब! मग हा पेपर कशाला?"

"लांब हाय म्हणूनच," सर म्हणाले. "जवळ असता तर पोरं आपली आपण बघून आली असती."

खिडकीबाहेर ऐकत उभे असलेले आम्ही फिस्सकन हसलो. समिती हसली नाही. वर्षभरात या अभ्यासाचा काही उपयोग दाखवा, नाहीतर पेपर बंद, असं ठरलं. पेपर गेला की सहल जाणार आणि सरांनी इतकी वर्षं जमवलेलं सगळं कपाटात जाणार. त्या दिवशी सर पहिल्यांदाच तास न घेता घरी गेले.

मार्चमध्ये आम्ही खाडीवर पोचलो. गावाची भातशेती खाडीला लागून. मध्ये मातीचा लांबलचक बांध, खारं पाणी अडवायला. तो दर पावसाळ्यात कुठेतरी फुटायचा आणि शेतं मीठ खायची. आम्ही तीन दिवस घरोघर फिरलो. कोण शेती करतं, कोण मासेमारी, कोण गाव सोडून गेलं, कुणाचं शेत खारावलं, सगळं एका वहीत. समितीपुढे तीच वही ठेवायची होती.

चौथ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. मी वहीची पिशवी खाडीतल्या एका खडकावर ठेवली आणि दत्तासोबत चहाला गेलो. दत्ता म्हणजे माझा वर्गमित्र. दुपारी परत आलो तर खडक नव्हता. पिशवीही नव्हती. नुसतं पाणी.

"आबे, ओहोटी झालती ना?" दत्ता म्हणाला.

"झालती की. पाणी गेलतं."

आमच्याकडे गेलेलं पाणी त्याच दिवशी परत येतं, असं आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही. भरती-ओहोटीच्या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मार्क होते, तरीही.

बांधावरून सुलभाकाकी बघत होत्या. आमचा मुक्काम त्यांच्याच पडवीत होता. हसून हसून त्या खाली बसल्या. "काय रे पोरांनो, पाण्यावर विश्वास ठेवलात? आमी नाय ठेवत!"

सरांसमोर जाऊन वही बुडाल्याचं सांगितलं. सर म्हणाले, "जेवला का?" मग म्हणाले, "चल, परत जाऊ." आणि प्रत्येक दारात त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "वही माझ्याकडून हरवली, माफ करा, पुन्हा सांगाल का?" प्रत्येक दारात. मी मागे उभा. सरांच्या दयाळूपणाविषयी या ग्रंथात अजून काय काय येईल ते येवो, मला हे पुरतं.

आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर माणसं वेगळं बोलतात, हे मला तिथं कळलं. पहिल्यांदा सगळ्यांनी सांगितलं होतं की पावसाळ्यात पाणी बांधावरून येतं आणि बांध फुटतो. दुसऱ्यांदा काकी सुपात तांदूळ पाखडत सहज म्हणाल्या, "माझं शेत तर आधीच खारट होतं. शिमग्यालाच पांढरं पडतं."

सरांनी मान वर केली. "शिमग्याला? तेव्हा पाणी बांधावरून येतं?"

"नाय. तेव्हा कुठलं यायला?"

"मग ते खालून येतंय, काकी."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भरती पूर्ण चढलेली असताना, सर म्हणाले, "चपला काढा." बांधाच्या आतल्या अंगानं, शेताच्या कडेनं, सगळ्यांना रांगेत चालायला लावलं. जमीन तव्यासारखी तापलेली. नेकनूरला वडील त्यांना असंच चालवायचे. उन्हात जिथं पायाला गार लागेल तिथं तलाव गळतोय. आमच्या गावांत थेंब गळाला तरी जीव जातो, म्हणून हे शहाणपण. गावकरी बांधावर उभे राहून करमणूक बघत होते.

"सर, लई भाजायलंय!" दत्ता ओरडला. आणि दोन पावलांवर थांबला. "सर... हितं न्हाई भाजत."

सरांनी तिथं चुन्याची फक्की टाकली. संध्याकाळपर्यंत बांधाच्या एकाच वळणावर फक्कीचे ठिपके दाटले. खणून पाहिलं, तर बांधाच्या तळाशी खेकड्यांनी पोखरून पार चाळण केली होती. गाव दरवर्षी वरून माती टाकत होतं आणि पाणी खालून येत होतं.

"आमाला कसं नाय कळलं हे?" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

"तुमच्याकडं सगळंच ओलं हाय," सर म्हणाले. "आमाला ओल लगेच कळती. सवय न्हाई ना."

सरांनी नकाशा काढून दिला. गावानं पावसाच्या आत ते वळण खणून चिकणमाती ठोकून भरलं. श्रावणातल्या मोठ्या उधाणाच्या दिवशी आमचा तास चालू होता. सरांचा फोन वाजला. सर तासाला कधीच फोन घेत नाहीत. त्या दिवशी घेतला आणि स्पीकर लावला. काकी ओरडून बोलत होत्या, "सर! पाणी भायेर हाय! सगळं भायेर हाय!" आम्ही बाकांवर चढलो. शेजारच्या वर्गातले प्राध्यापक धावत आले, त्यांना वाटलं मारामारी झाली. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते.

समिती पुन्हा आली तेव्हा सरांनी पुढे एकच कागद ठेवला. त्या गावच्या ग्रामसभेचा ठराव. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ आहे. "बांधाचे काम दरवर्षी बीडच्या तांदळे सरांनी व त्यांच्या मुलांनी बांध चालून पाहिल्याशिवाय सुरू करू नये." मागच्या वर्षी हसलेले सदस्य तो दोनदा वाचून म्हणाले, "चालून म्हणजे?"

"चपला काढून," सर म्हणाले.

पेपर राहिला. यंदा त्याच्या जागा सगळ्यात आधी भरल्या. भूगोल नको म्हणून तक्रार घेऊन कुणी आलं नाही.

सर, नियमानं तुम्ही यंदा निवृत्त होताय. हार, शाल, श्रीफळ सगळं होईल. पण त्या ठरावात 'दरवर्षी' लिहिलंय आणि तुमचं नाव लिहिलंय. निवृत्तीचं वय त्यात कुठंच नाही. तेव्हा तब्येतीला जपा, गुडघ्यांना तेल लावत जा आणि शंभरी गाठा. मार्चमध्ये गाडी नेहमीच्याच वेळेला सुटणार आहे. पुढची सीट तुमची.