अध्यक्षांचं स्वयंपाकघर

अख्खी गल्ली खाम नदीला नाला म्हणायची तेव्हा तिला नदी म्हणणारे एकटे अध्यक्ष होते. रोज आंघोळ उरकून ते घरामागच्या भिंतीशी जात, नाकाला रुमाल लावत, नदीला हात जोडत आणि शिळं निर्माल्य अन् भाजीची देठं भरलेली पिशवी पलीकडे भिरकावत. वर आम्हाला ऐकवत, "वाहत्या पाण्याला दोष नसतो." पाणी तेव्हा धड वाहतही नव्हतं.

त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. नोकरीतून निवृत्त झाले आणि आपसूक कॉलनीचे अध्यक्ष झाले. नदीकाठी बाग करायची आणि पलीकडच्या वस्तीला नव्या इमारतीत घरं द्यायची असं महापालिकेनं ठरवलं, तेव्हा तर त्यांच्या अंगातच आलं. वस्तीत जाऊन ते भाषणं ठोकू लागले. शेवट ठरलेला, "विकासासाठी त्याग करावा लागतो, भावांनो!" तिथल्या शांताबाई आमच्या गल्लीत भाजी विकायच्या. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "चौथ्या मजल्यावर माझा हातगाडा कसा चढंल, तेवढं इचारा की साहेबाला." अध्यक्षांनी काही विचारलं नाही.

मग बागेसाठी नदीकाठ मोजायला मोजणीवाले आले. त्यांची पाडकामाची लाल खूण थेट अध्यक्षांच्या मागच्या खोलीवर उमटली. नदीत भराव टाकून बांधलेलं ते अध्यक्षांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, हौसेचं स्वयंपाकघर! त्याआधीचा सगळा संसार काकूंनी जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात रांधला होता. अध्यक्ष मोजणीवाल्यांवर लालबुंद झाले. "हे अतिक्रमण नाय. जागा नदीनंच सोडली व्हती, आम्ही फक्त सांभाळली!" नदीचा तसा काही लेखी जबाब नव्हता.

स्वयंपाकघर पाडायच्या दिवशी शांताबाई मुद्दाम आल्या. "काका, त्याग करावा लागतो की ओ," असं त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. सगळी गल्ली हसली. मीही हसलो असतो, पण काकू दारात रिकामे डबे पोटाशी धरून उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

ओटा होता त्याच जागी आता बागेतला बाक आहे. अध्यक्ष रोज घरून चहाचा कप घेऊन तिथं बसायचे. कुठं जाता विचारलं, की म्हणायचे, "ओट्यावर." काकू पुन्हा जिन्याखाली रांधू लागल्या होत्या. कुणी पिशवी घेऊन पाण्याकडे वळला रे वळला, की अध्यक्ष बाकावरून गरजत, "माझं स्वयंपाकघर गेलंय या नदीपायी! टाक बरं, टाकून दाखव!" त्यांच्या स्वतःच्या जुन्या पिशव्यांची आठवण करून द्यायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या थंडीत ते गेले. तेराव्यानंतर मुलगा त्यांच्या फोटोचे सुकलेले हार पिशवीत घालून नदीकडे निघाला. म्हणाला, "बाबाच म्हणायचे ना आई, वाहत्या पाण्याला दोष नसतो."

काकूंनी पिशवी हिसकावून घेतली. "नको रे. उठून वरडतील ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा काकूंनी ती पिशवी स्वतःच्या हातानं गाडीत टाकली. मग चहाचा कप घेऊन त्या ओट्यावर जाऊन बसल्या.