शेख उस्तादांचा डायोड

जालना जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास मी आठवी करून शाळा सोडली. पुढे घनसावंगीहून जीपनं अंबडला गेलो, तिथून एसटी पकडली आणि भरती झालो. काही वर्षांनी आमची बटालियन उत्तरेतल्या बर्फाच्या डोंगरांत गेली. घरापासून इतक्या लांब मी कधीच गेलो नव्हतो. पहिले काही दिवस जेवण गेलं नाही.

पोस्टवर हवालदार शेख होते. अंबडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

"ए घनसावंगी, इकडं ये. कान बराबर हैत ना तुझे?"

"हो, उस्ताद."

"मंग तू रडारवर. शाळा किती झाली ते मी विचारलंच न्हाई."

रडार म्हटलं की लोकांना विमानतळावरची फिरती जाळी आठवते. आमचं रडार तिपाईवर बसायचं आणि दोन माणसांच्या पाठीवरून वर आलं होतं. पडदा नव्हता, हेडफोन होते. त्याचा जीव म्हणजे गन डायोड. बंदुकीशी त्याचा काही संबंध नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा, एका धातूच्या डबीत बसवलेला. बॅटरीचा साधा सरळ करंट दिला की तो सेकंदाला अब्जावधी वेळा थरथरतो आणि डबीतून लहरी बाहेर पडतात. हलत्या वस्तूवर आपटून परत येताना ती थरथर जराशी बदलते. तेवढा फरक कानात आवाज होऊन येतो. माणूस चालला की थप्-थप्. खेचर चाललं की त्याच्या दुप्पट घाई. जे हलत नाही, त्याचा आवाज नाही.

हे सगळं मला उस्तादांनी समजावलं, तेही चहा ढवळता ढवळता.

थंडीत डायोड रुसायचा. कधी सुरूच व्हायचा नाही. मी सांगतोय त्या आठवड्यात एक तर चालता चालता गेला. कानात मोठी खरखर झाली आणि मग सगळं बंद. म्हणून स्पेअर डबी उस्ताद बनियनच्या खिशात, अंगाला लावून ठेवायचे. त्यांची आणखी एक पद्धत होती. थंडीनं वायरलेसच्या बॅटऱ्या बसायच्या, म्हणून बाहेर गेलेल्या माणसानं थांबून फावडं तीन वेळा हवेत फिरवायचं. माझ्या कानात तीनदा फर्र यायचं. याचा अर्थ सगळं ठीक.

त्या दिवशी टेलिफोनची लाइन तुटली. उस्ताद आणि सिपाही तानाजी दुरुस्तीला निघाले. जाताना उस्तादांनी खिशातली डबी काढून माझ्या हातात दिली. गरम होती.

"पोटाशी ठेव. आणि झोपू नकोस, न्हाईतर मी तिकडं फावडं हलवून राह्यलो आन् तू इकडं घोरतोयस."

तानाजी हसला. दोघं उताराला लागले.

दुपारी धुकं उतरलं. वारा इतका होता की बंकरच्या दारात बोललेलं ऐकू येत नव्हतं. उस्तादांकडचा वायरलेस बसला होता. सुभेदार मोहिते साहेब माझ्या शेजारी उभे होते.

"आवाज?"

"दोघं परत येतायत, साहेब. पुढचा तानाजी, मागं उस्ताद."

उस्तादांची चाल मला ओळखू यायची. काही पावलं टाकून ते थांबायचे, मग पुन्हा चालायचे. ते थांबले. फर्र, फर्र, फर्र. साहेबांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं आणि मान हलवली.

मग कानात खरखर उठली. इतकी मोठी की मी हेडफोन ओढून काढला. परत लावला तेव्हा काहीच नव्हतं.

"साहेब, डायोड गेला."

"बदल. जल्दी."

मी बॅटरी तपासली, ती ठीक होती. पोटाजवळची डबी काढली, जुनी उतरवली, नवी बसवली. बोटं वळत नव्हती, पण हे काम मी डोळे मिटूनही करू शकत होतो. साहेबांनी एका जवानाला समोर चालायला लावलं. थप्-थप्, स्वच्छ आवाज आला. मी सेटचं तोंड उताराकडे वळवलं.

शांत.

"काय झालं?"

"सेट चालू आहे, साहेब."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला अजून कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. ते ओरडले, "रेस्क्यू पार्टी, फॉल इन! दोर, फावडी, स्ट्रेचर!"

तेव्हा कळलं. खरखर डायोडची नव्हती. बर्फाचा अख्खा उतार कोसळला होता आणि डायोडनं तो मला बराबर ऐकवला होता. मी मशीन बिघडलं म्हणालो.

पार्टी निघाली. मी कान लावून बसलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग अगदी बारीक, फर्र. थांबून पुन्हा. तिसरं आलं तेव्हा मी बेअरिंग, म्हणजे नेमकी दिशा, वायरलेसवर ओरडून सांगितली. पार्टीचा वायरलेस गरम होता, चालत होता.

"थोडं डावीकडे. ओव्हर."

"डावीकडे काही दिसत नाही. ओव्हर."

"तिथंच आहे. फावडं हलतंय. पुढे चला. ओव्हर."

छातीपर्यंत गाडलेला तानाजी सापडला. एक हात मोकळा होता, आणि हातात उस्तादांचं फावडं. उस्ताद त्याच्या जवळच, बर्फाखाली होते. त्यांना बाहेर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

तानाजीनं नंतर सांगितलं. पहिल्यांदा बर्फाखालून उस्तादांचा आवाज येत होता. "फावडं हलव. पोरगा ऐकत असंल." एवढंच दोन-तीनदा म्हणाले. मग आवाज थांबला.

मी उतरवलेला डायोड वर्कशॉपला गेला. उत्तर आलं, सर्व्हिसेबल. म्हणजे ठणठणीत.

आता मी जालन्यात एका दवाखान्याच्या दारावर ड्युटी करतो. काचेचं दार आहे, माणूस आला की आपोआप उघडतं. वरच्या डबीत तसलाच दाणा आहे, असं बसवणारा मिस्त्री म्हणाला. खेड्यातली माणसं दारासमोर बिचकून उभी राहतात, मग दार बंदच राहतं. मी सांगतो, "हात हलवा, मावशी. त्याला कळतंय."

त्या घटनेनंतर सुटीवर आलो तेव्हा पहिला अंबडला गेलो होतो. उस्तादांच्या अम्मांनी पाणी दिलं. तानाजीनं सांगितलेले शब्द मी त्यांना सांगितले. 

"मंग तू ऐकलं का रे, बाबा?"

"ऐकलं, अम्मा. तीनही वेळा."

खरखरीचं मी सांगितलं नाही. गावी जाताना एसटी अंबडवरून जाते, तेव्हा मी उतरून उस्तादांच्या कबरीवर जातो. आजही जगाच्या लेखी मी आठवी पासच आहे. उस्तादांनी माझे कान तेवढे बघितले, आणि तेवढ्यावर तानाजी घरी गेला.