दुमडलेला कोपरा

अर्धी वाट सरली तरी काकांच्या तोंडाचा पट्टा थांबला नव्हता. तेव्हाच पुतणीच्या लक्षात आलं, की आज यांचं काहीतरी बिनसलंय. एरवी काका चालताना मोजकंच बोलत. चौतीस वर्षं न्यायमंत्र्यांच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेले शिपाई ते. गप्प बसणं ही अर्धी नोकरीच होती त्यांची.

सुरुवात तिनेच करून दिली होती. ती शाळेत शिकवायची, आणि वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, न्यायमंत्री काय करतात?

“आधी काय करत नाहीत ते सांग तिला,” काका म्हणाले. “न्याय करत नाहीत. ते काम न्यायाधीशाचं. मंत्र्याने त्यात नाक खुपसायचं नाही. मंत्र्याने न्यायाचं घर सांभाळायचं. न्यायाधीशाची खुर्ची रिकामी राहू नये, गरिबाला वकील मिळावा, कायद्याचा मसुदा धड असावा, कोर्टाचं छप्पर गळू नये. आणि शिक्षा भोगणाऱ्याचा दयेचा अर्ज आला, तर तो नीट वाचायचा.”

“म्हणजे आपल्या काकूसारखंच की.”

“अगदी! फक्त काकू राजीनामा देत नाही.”

ती हसली. काकांनी मात्र मान खाली घालून पावलं उचलली.

पूर्वी या खात्याला वेगळा मंत्रीच नव्हता. पोलीस आणि कोर्टं एकाच मंत्र्याकडे असायची. पकडणाराही तोच आणि पकडलेल्याचं कोर्ट सांभाळणाराही तोच! लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे खातं वेगळं झालं आणि त्याला कागदांच्या कोठारातल्या दोन खोल्या मिळाल्या. दार इतकं अरुंद, की पहिले मंत्री, अंगाने भरलेले, आडवे होऊन आत शिरत. हे काकांना त्यांच्या आधीच्या शिपायाने सांगितलेलं. आता भिंतीवर चौदा तसबिरी होत्या, आणि त्यांतल्या अकरा जणांना काकांनी आपल्या हाताने पाणी दिलं होतं. कोणाला पंख्याचा वारा सोसत नसे, कोण फाइल वाचताना शीळ घाली, सगळं त्यांना पाठ.

आणि वर्दी द्यावी ती काकांनीच. दार हातभर उघडायचं, कोण आलंय आणि कशासाठी ते एका वाक्यात सांगायचं, बाजूला व्हायचं. आमदार असो की गावाकडची म्हातारी, आवाज तोच. लहानपणी पुतणी काकूच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तशीच वर्दी द्यायची, “काकूबाई, पुतणी आली आहे, भूक लागली म्हणून!” काका मागून दुरुस्ती करायचे, “सूर लावू नकोस. गयावया नको आणि ऐटही नको.”

रस्त्याच्या कडेचा पाण्याचा नळ आला. कित्येक वर्षं ती दोघं सुट्टीच्या दिवशी इथवर चालत यायची, काका ओंजळभर पाणी प्यायचे आणि माघारी वळायचे. आज ते पाणी प्यायले आणि पुढे निघाले.

“काका, वळायचं नाही?”

“डॉक्टर म्हणाला, गुडघे आता इतकं चालायला देणार नाहीत. म्हणजे आजच जायला हवं.”

“कुठं?”

मग ते सांगायला लागले, रस्त्याकडे बघत.

सातवे मंत्री मूळचे वकील, वयस्कर आणि विसरभोळे. दयेचे अर्ज घरी नेऊन वाचत. ज्याला सोडावं असं मनाने घेतलं, त्याच्या फाइलीच्या पहिल्या पानाचा कोपरा दुमडून ठेवत, आणि शनिवारी सगळ्यांवर एकदम सह्या करत. ही खूण त्यांना ठाऊक आणि काकांना. एका शुक्रवारी दुपारी सरकार पडलं. रीत अशी, की जाणाऱ्या मंत्र्याच्या टेबलावरच्या बिनसहीच्या फाइली चारच्या आत दप्तरात परत जायच्या आणि येणाऱ्याला नव्याने वाचायला मिळायच्या. काका पडले टापटिपीचे. नव्या साहेबांपुढे मळके, मुडपलेले कागद नकोत, म्हणून त्यांनी एकेक पान तळहाताने सरळ केलं. एक कोपरा दुमडलेला होता. तोही सरळ केला.

“साहेब संध्याकाळपर्यंत मंत्री होते गं. फाइल घेऊन धावत गेलो असतो तर सही झाली असती. माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मेला कागद साफ करत बसलो.”

ती फाइल ढिगाच्या तळाशी गेली. सात महिन्यांनी वर आली, तेव्हा पानावर घडीची रेघ तशीच होती, आणि आत त्या कैद्याची एक नवी चिठ्ठी. तो घड्याळं दुरुस्त करणारा होता. भांडणात त्याने एकाला ढकललं, तो माणूस जिन्यावरून पडून मेला, त्याची शिक्षा भोगत होता. चिठ्ठीत एवढंच होतं: आई वारली. आता घाई नाही.

आठव्या मंत्री बाई होत्या. काकांनी त्यांच्यापुढे सगळं कबूल केलं. बाईंनी तिथल्या तिथे सही केली, आणि पेन मिटून म्हणाल्या, “त्या घड्याळवाल्यांना हे कळायला हवं. खात्याचं पत्र पाठवून भागणार नाही. ते तुमच्यावर सोपवते.”

“एकोणीस वर्षं झाली,” काका म्हणाले. “दर वेळी नळापर्यंत येतो.”

पुतणीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि काकांचा हात धरला. ‘जाऊ द्या, आता कशाला’ हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

वळणावर एक बुटकं घर होतं. खिडकीत घड्याळं टांगलेली, आत एक पांढऱ्या केसांचा माणूस डोळ्याला भिंग लावून वाकलेला. काका पायरीपाशी थांबले. टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. दार वाजवायला हात उचलला, पण तो अर्ध्यातच राहिला. चौतीस वर्षं दुसऱ्यांसाठी दार उघडणाऱ्या माणसाला स्वतःसाठी ते वाजवता येईना.

“पोरी,” ते हलकेच म्हणाले, “आज माझी वर्दी तू दे. एका वाक्यात. म्हणावं, बाहेर एक म्हातारा शिपाई आलाय, तुमचे सात महिने त्याच्या हातून गेले, ते सांगायला. आणि त्यांनी भेटायचं नाही म्हटलं, तर तेही मला तसंच्या तसं येऊन सांग. गोड करून सांगू नकोस.”