मावशीचा 'नाय' कुठे गेला

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतली मावशी डबे करते. परळच्या हॉस्पिटलांत पेशंटजवळ बसलेले नातेवाईक हे तिचं गिऱ्हाईक. डबा चालत पोचतो, म्हणून धंदा चालतो. बिल्डरने पुनर्विकासासाठी सगळ्यांना मानखुर्दपलीकडच्या संक्रमण शिबिरात हलवायचं ठरवलं, तेव्हा तिचं म्हणणं एकच होतं : तिथून परळला पोचेस्तोवर भाजी आंबेल. खोली सोडणार नाही.

संमती बिल्डरच्या ॲपवर नोंदवायची होती. मावशीने गॅलरीत माझ्यासमोर 'नाही' दाबलं. उत्तर आलं : संमतीबद्दल धन्यवाद.

"मी 'नाय' दाबलंय ना रे? मगे ह्यो धन्यवाद कसलो?"

चाळ समितीचे सेक्रेटरी हसले. "मावशी, तुमचं बोट पिठाचं. घसरलं असेल."

पिठाचं! त्याच बोटांच्या पोळ्या हा माणूस समितीच्या मीटिंगांना फुकट हादडत आलाय.

मला पत्रकं लिहायची सवय. पण पत्रकातल्या आरोपाला पुरावा लागतो. मी लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू केला, मावशीचा फोन त्याला जोडला आणि टीसीपीडम्प नावाची कमांड चालवली. फोन जे बाहेर पाठवतो ते लहान लहान पॅकेटांत जातं. ही कमांड ती वाटेत बघून आतला मजकूर समोर मांडते. ॲप इतकं भिकार होतं की मजकूर उघडाच चालला होता, कुलूप नाही की कडी नाही.

मावशीने हात धुतले, पदराला पुसले आणि पुन्हा 'नाही' दाबलं. काळ्या स्क्रीनवर ओळी सरकल्या. खोलीचा नंबर, तिचं नाव, पुढे : कन्सेंट, यस.

मी ती ओळ पत्रकात छापली, समितीच्या मीटिंगला चाळीच्या मंडळाच्या हॉलमधल्या टीव्हीवर लावली. सेक्रेटरी म्हणाले, "असलं काहीही टाइप करता येतं. पत्रकवाला ना तू?" लोक हसले. ज्यांच्यासाठी घसा फोडला तेच. मीटिंगला आलेला बिल्डरचा माणूस हसला नाही. त्याने मुकाट टीव्हीचा फोटो काढला.

आठवड्याभरात ॲपचं अपडेट आलं. मावशीने पुन्हा 'नाही' दाबलं, मी परत पॅकेटं पकडली. आता नुसता अक्षरांचा भुगा. त्यांनी मजकुराला कुलूप घातलं होतं. आत 'हो' चाललंय की 'नाही', कळायची सोयच संपली. धन्यवाद मात्र तोच आला.

मग दारावर नोटीस लागली : आपल्या संमतीनुसार खोली रिकामी करावी.

मावशी कणीक मळता मळता बाहेर आली. "माझो 'नाय' खंय गेलो ता दिसता काय रे आता?"

"नाही दिसत, मावशी."

तिने बोटावरच्या ओल्या कणकेने नोटिशीवर आडवं 'नाय' ओढलं आणि पोळ्या लाटायला आत गेली. दुसऱ्या दिवशी त्यावरच नवी नोटीस चिकटवलेली होती. वाळलेल्या कणकेमुळे कागद मधोमध फुगला होता, तेवढंच.