पुढच्या स्टॉपचं तिकीट

चाकूर-लातूर बसवर सोनकांबळे मामा कंडक्टर असले, की लातूरच्या अलीकडे झोपलेला माणूससुद्धा दचकून जागा होई. "दारू सोडायचा दवाखाना! उतरा!" हा पुकारा ते असा खणखणीत करत, की रस्त्यावरच्या म्हशीही बाजूला होत. आम्ही रोज अपडाऊन करणारे शिक्षक त्या आवाजाने डोळे चोळत शाळेच्या तयारीला लागत असू. ज्यांना खरोखर तिथे उतरायचं असे, ते मात्र खिडकीबाहेरचा ऊस बघत बसत.

कारण आमच्या भागात दारू पिणं हा शौक आहे आणि दारू सोडणं ही बदनामी. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात जाणारी माणसं तिकीट पुढच्या स्टॉपचं काढत. तिथे मारुतीचं देऊळ आहे. तिथे उतरायचं, ओळखीचं कुणी दिसलंच तर नारळ फोडायचा आणि शेताच्या बांधाने मागे चालत येऊन केंद्रात शिरायचं. माणूस बरा होऊन घरी परतला की श्रेय डॉक्टरला देता येत नाही, मग ते मारुतीला देतात. बघता बघता तो मारुती दारू सोडवणारा म्हणून नवसाला पावू लागला. देवळापुढे पत्र्याचा मंडप आला, नारळाची दुकानं आली. केंद्राच्या भिंतीचा रंग तेवढा उडालेलाच राहिला.

मामांना हे बघवत नसे. "पिताना वरातीत नाचून पिता, अन् सोडताना चोरावानी जाता? कामून?" असं ते तिकीट देता देता विचारत. "शरम कुठं धरावी त्ये बी कळंना गड्या आपल्याला." हे विचारायचा त्यांना अधिकार होता. ते स्वतः त्याच दवाखान्यात राहून आलेले होते. ड्यूटीवर पिऊन निलंबित झाले, बायको सुमनबाई लेकरं घेऊन उदगीरला माहेरी गेल्या, त्या मामा बरे झाल्यावरच परतल्या. हे सगळं मामा भर बसमध्ये सांगत, एखादा आपलं मुतखड्याचं ऑपरेशन सांगतो तसं. "मामा, तुमची सुटली म्हणा की," असं कुणी म्हणालं, तर लगेच हात वर करत. "सुटली म्हणू नगा. आज पिलो न्हाई, एवढंच खरं."

एकदा एका गावचे माजी सरपंच कडक इस्त्रीत, पुतण्याला घेऊन चढले. "दोन मारुती," म्हणाले आणि मामांच्या कानाशी लागून पुटपुटले, "पुतण्याला दाखवायचंय." ते सीट शोधायला पुढे सरकताच पुतण्या कुजबुजला, "काकाला दाखवायचंय." मामांनी दोघांकडे एकदा पाहून घेतलं. केंद्र येताच दोरी ओढली. "दारू सोडायचा दवाखाना! दोघं बी उतरा!" अख्खी बस हसली. सरपंच लालबुंद झाले, पण उतरले. उपचार त्यांनी घेतला, फक्त तक्रार आधी केली.

माझंही त्यावर मामांशी भांडण झालं. आजारी माणसाची अब्रू अशी चव्हाट्यावर आणू नये, असं मी म्हणाले. "बाई, पुढं जाऊन उतरलेला माणूस मागं फिरतोच असं न्हाई," मामा म्हणाले. "मी स्वतः कितींदा फिरलो न्हाई." डेपोच्या साहेबांनी यापुढे फक्त "वसाहत फाटा" हे स्टॉपचं कागदावरचं नाव घ्यायची ताकीद दिली. मामांनी ती पाळली. "वसाहत फाटा" असं हळू म्हणून मग पूर्ण ताकदीने म्हणत, "दारू सोडायच्या दवाखान्याजवळचा!"

निवृत्तीच्या दिवशी डेपोत त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि निर्व्यसनी जीवनावर लांबलचक भाषणं. ज्यांनी भाषणं ठोकली त्यांनीच संध्याकाळी ढाब्यावर ग्लास पुढे केला. "आज तरी घ्या मामा! परत कवा बसणार आपण?" मामांनी घेतला, आणि मग घेतच राहिले. चाकुरात ही बातमी लोकांनी मिटक्या मारत चघळली. "बगा, झालं का न्हाई शेवटी?" असं म्हणणाऱ्यांत ग्लास पुढे करणारेही होते. मला संताप आला, आणि संतापाहून जास्त वाईट वाटलं.

एका सकाळी मामा आणि सुमनबाई बसमध्ये चढून माझ्या मागच्या सीटवर बसले. मामा पार वाळले होते. मफलर नाकापर्यंत ओढलेला. नव्या कंडक्टरबाई तिकिटाला आल्या तेव्हा मामांचा आवाज इतका बारीक निघाला, की मी आधी ओळखलाच नाही.

"दोन मारुती."

सुमनबाई पुढे वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "परवा बी मारुतीलाच उतरलो होतो बाई. तिथून ह्ये मागं आलेच न्हाईत, घरची बस धरली. आज बी तसंच केलं तर मी उदगीरला चालले. आता परत येनार न्हाई."

केंद्र जवळ आलं. मला ओरडायचं होतं. पण वर्गभर पोरांना धाकात ठेवणारी मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसले. इतक्यात पुढच्या सीटवरून कडक इस्त्रीचा माणूस उठला. तेच माजी सरपंच. ते अजून तपासणीला जात आणि अजून मारुतीचंच तिकीट काढत. त्यांनी दोरी ओढली आणि म्हणाले, "दारू सोडायचा दवाखाना! उतरा!"

बस थांबली. या वेळी कुणी हसलं नाही. मामा बसूनच होते. सुमनबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग मामांनी मफलर खाली ओढला.

"सरपंच, आवाज लई बारीक हाय तुमचा. मागं ऐकू येत न्हाई."

दांडी धरून ते उभे राहिले. आवाज जुनाच निघाला. "दारू सोडायचा दवाखाना! मी उतरायलोय!"

सुमनबाई पिशवी घेऊन मागोमाग उतरल्या. सरपंचही उतरले. तिघं रस्ता ओलांडून केंद्राच्या फाटकातून आत जाईपर्यंत ड्रायव्हरने गाडी हलवली नाही. एरवी मिनिटभर उशीर झाला की कलकलाट करणारे आम्ही अपडाऊनवाले, पण त्या दिवशी आमच्यापैकी एकानेही घड्याळाकडे पाहिलं नाही.