केनियाची मुदत आणि पितृपंधरवडा

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दौंड तालुक्यातल्या एका मलमाचं केनियातलं नाव शुक्रवारी संध्याकाळी मरण पावणार होतं आणि त्याला वाचवण्याची जबाबदारी एका जाडजूड, चष्मेवाल्या बाईवर होती. ती मी.

कुरकुंभच्या त्या कारखान्यात माझं काम एवढंच: आमच्या मलमाचं नाव आणि डबीवरचं चित्र ज्या ज्या देशात नोंदलेलं आहे, तिथली नोंदणी मुदत संपायच्या आत पुढे वाढवून घ्यायची. प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. कुणाला शिक्क्यांची हौस, कुणाला भाषांतराची. मला हे फार आवडतं. कुरकुंभात बसून इतक्या देशांच्या मागे लागायला मिळतं, आणखी काय हवं?

तर केनियातला आमचा जुना वकील निवृत्त झाला. नव्याला मालकांच्या सहीचं नवं मुखत्यारपत्र हवं होतं, त्याशिवाय तो अर्ज भरेना. या घोळात मूळ मुदत गेली, वर मिळालेली सवलतीची मुदतही शुक्रवारी संपत होती. तिथला एक व्यापारी तेच नाव आपल्या डबीवर लावायला टपलेला.

मी कागद घेऊन मालकांच्या घरी, राहू गावी गेले. त्यांना सगळे आबाच म्हणतात.

"पितृपंधरवडा चाललाय, बाई," आबा म्हणाले. "नव्या कागदावर सही न्हाई करत मी. अमावस्या होऊंद्या."

"तोवर नाव जाईल, आबा."

"जाऊंद्या. दुसरं घिऊ."

"नाव दुसरं घ्याल. डबीवरचे वडील दुसरे कुठून आणाल?"

डबीवर फेटेवाले, मिशीवाले आबांचे वडील आहेत. पहिलं मलम त्यांनी त्याच अंगणात चुलीवर घोटलं होतं.

आतून मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "बाईंच्यात पितर नसत्यात. त्यांचं काय ऐकता?"

खरंच होतं, आम्ही ख्रिस्ती. पण मी आता रंगात आले होते. पदर सावरून उभीच राहिले.

"आमच्यात नसतात हो, मामी. पण हे नवं काम नाहीच. वडिलांचंच पुढं चालवायचंय. या पंधरवड्यात त्यांच्यासाठी काही करायचं, का त्यांना परक्याच्या डबीवर बसवायचं?"

मामी दारात आल्या. "व्हय की," त्या आबांना म्हणाल्या. "त्यांचंच काम हाय तर करा की. आन् आधी हात धुवा."

आबांनी हात धुतले, वडिलांच्या फोटोपुढं डबी ठेवली आणि चांगली ठसठशीत सही केली. मी तिथूनच कागद मोबाईलवर स्कॅन करून वकिलाला पाठवला. मग आम्ही तिघं चहा घेत त्या मोबाईलकडे बघत बसलो. चहा संपला तरी कुणी उठेना.

मोबाईल वाजला. अर्ज दाखल झाला होता. मी निरोप वाचून दाखवला, तसं आबांच्या तोंडून निघून गेलं, "शिवला म्हणा की कावळा, नैरोबीत."