मामाचा टर्बो

मामा नखं कानशीने घासायचा. फोन उचलायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचा. तोवर पलीकडचा माणूस कंटाळून गेलेला असायचा. गाडीच्या मालकाच्या तोंडाकडे बघायच्या आधी धुराच्या नळीत बोट फिरवून काजळी बघायचा. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या वाटीत ठेवायचा. वाट्या घरच्या असायच्या, त्यामुळे मामी पाहुण्यांना पातळ भाजी कपातून वाढायची. "गाडी कसलातरी आवाज करते" एवढ्यावर त्याचं भागायचं नाही. "काढून दाखवा," म्हणायचा. मग टाय लावलेली मोठमोठी माणसं त्याच्यासमोर खर्र खर्र करत उभी राहायची. आणि गाडीला टर्बो बसवून द्या असं कोणी म्हटलं, की त्याला खुर्ची देऊन बसवायचा आणि समजूत घालून परत पाठवायचा.

भाच्यालाही त्याने खुर्ची दिली.

भाच्याला टेकडीवरच्या गावात, तिथल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. गाडी वडिलांची. वडील गेल्यापासून तो चालवत होता. सपाटीवर ती गुणी होती, पण चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये रडकुंडीला यायची. सामानाने भरलेले टेम्पोसुद्धा हॉर्न वाजवून पुढे जायचे. शेवटच्या वळणावर इंजिन तापायचं आणि भाचा बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभा राहायचा.

"नवी घे," मामा म्हणाला. "कारखान्यातूनच टर्बो लागून आलेली."

"ही विकली तर आईला काय वाटेल?"

"हे बघ. इंजिन जेवढा श्वास घेतं, तेवढ्याच बेताने त्याची हाडं घडवलेली असतात. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा आत कोंबणार. मग पेट्रोल वाढवा. नुसतं वाढवलं तर आत ठोके बसणार, म्हणून पिस्टन बदला. हवा गार करायची सोय करा. मग क्लच घसरणार. मग ब्रेक कमी पडणार. एक पाहुणा बोलवायचा आणि त्याच्या मागून सगळं गाव जेवायला येणार. एवढं करून विकायला गेलास तर घेणारा पळून जातो."

"म्हणजे अर्थ नाही?"

"नाही."

भाचा घरी गेला. चार दिवसांनी मामाचाच फोन आला. "गाडी आणून लाव इकडे. बघतो."

गाडी गॅरेजात लावल्यावर विजेरी शोधायला भाचा मामाच्या कामाच्या टेबलाखाली वाकला, तर कोपऱ्यात जुन्या चादरीत बांधलेलं काहीतरी जड हाताला लागलं. त्याने गाठ सोडली. आत टर्बो होता. जुना, पण तेल लावून पुसलेला. आतलं चाक बोटाने ढकललं तर बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

"ते लग्नानंतर वर्षभरातच आणलंय यांनी," मामी दारातून म्हणाली. "भंगारातून. माझ्यासाठी काहीतरी आणलंय म्हणून मी हौसेने गाठोडं सोडलं होतं."

"तुझ्यासाठीच होतं," मामा म्हणाला. "तुला कदर नाही."

"दर दिवाळीच्या साफसफाईला याला तेल पाजतात. माझ्या गुडघ्यांना कधी विचारलं नाही."

मामा हसला आणि हात धुवायला गेला.

त्या संध्याकाळी भाच्याने आईला सांगितलं. गाडी आता विकावी लागणार नाही, मामा टर्बो बसवतोय.

आई भाजी निवडत होती. "विकू नको असं कोण म्हणालं? तुझे बाबाच विकायला निघाले होते तिला. त्या चढाला इतके वैतागले होते. मीच गप्प बसले. म्हटलं, बापाची गाडी म्हणून तुझा जीव असेल."

म्हणजे दोघंही एकमेकांसाठी ती गाडी सांभाळत बसले होते. भाच्याला हसू आलं, आणि हलकंही वाटलं. दवाखान्यातले एक डॉक्टर आपली टर्बोवाली गाडी विकत होते. ती चढावर गाणं म्हणत जायची. दुसऱ्या दिवशी तो मामाला काम थांबव म्हणून सांगायला गेला.

इंजिन उघडलेलं होतं. मामाने धुराचे चार पाइप कापून, जोडून, एका तोंडाला आणले होते.

"हात घाल," तो म्हणाला. "आतून."

भाच्याने बोटं आत घातली. जोड कुठे आहे ते कळत नव्हतं. आतून सगळं घासून गुळगुळीत केलं होतं, जिथे कोणी कधी बघणार नव्हतं.

"सगळ्यांना आयुष्यभर नको नको म्हणालो," मामा म्हणाला. "ते खरंच होतं. पण ज्याला त्याला गाडी पळवायची होती रे. टर्बोकडून बेताने काम करून घेणारा एकही भेटला नाही. तुला पळवायची नाहीये. तुला नुसतं वर जायचंय. एवढासाच दाब देईन. इंजिनाला झेपेल."

भाचा जे सांगायला आला होता ते तोंडातच राहिलं.

"किती दिवस लागतील?"

"लागतील तितके. तोवर बसने जा."

तो बसने जात राहिला. बहुतेक वेळा उभ्याने. डॉक्टरांची गाडी भूलतज्ज्ञांनी घेतली.

"सांगितलंस मामाला, काम थांबवायला?" आईने विचारलं.

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. पुन्हा तिने विषय काढला नाही.

मामा त्या दिवसांत खुशीत होता. जेवायला हाक मारली की "आलोच" म्हणायचा आणि यायचा नाही. त्या दुपारीही आला नाही. मामी रागावून बोलवायला गेली. तो गाडीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसला होता. झोप लागली असेल असं तिला वाटलं. खांद्याला हात लावल्यावर कळलं.

भाच्याला प्रयोगशाळेत फोन आला. टेकडी उतरताना त्याला बसमध्ये जागा मिळाली. खिडकीतून त्याला काही दिसलं नाही.

काही दिवसांनी शेजारचा गॅरेजवाला आला. भला माणूस. म्हणाला, "सगळं उतरवतो आणि पहिल्यासारखी करून देतो. पैसे नकोत. या भानगडीत अर्थ नसतो. तुमचे मामाच सांगायचे."

"हो, सांगायचे," भाचा म्हणाला. "राहू दे अशीच."

"मग पुढचं मी करू?"

भाच्याने त्याला चहा आणून दिला. तो पिऊन गॅरेजवाला गेला.

मग भाचा गाडीखाली आडवा झाला. टर्बो जागेवर बसला होता. पाइप लागले होते. तेल परत खाली नेणारी रबरी नळी तेवढी राहिली होती. तीही दोन्ही टोकांना घातलेली होती. वरच्या टोकाची पट्टी स्क्रूने घट्ट आवळली होती. खालच्या पट्टीचा स्क्रू जेमतेम दोन आटे फिरला होता; मामाचा हात तिथेच थांबला होता.